नाव घे

बोईसरच्या मासळीबाजारात तो दर रविवारी भेटतो. एडवणचा, चाळिशीतला, कडक इस्त्रीचा शर्ट. पण बोंबील मात्र एकेक उचलून, वास घेऊनच निवडणार.

"कुवेतला मी नि माजा जोडीदार एका खोलीत राहायचो," तो एकदा मला म्हणाला. "सगल्यांना सांगायचो, चुलतभाऊ हाय. खरं कळलं असतं तर जेलच."

परवा कोळीणमावशीनं पापलेट पुढं केलं. तो सहज बोलून गेला, "नको मावशी, आमच्या ह्यांना बोंबीलच लागतो."

मावशीचा हात थांबला. त्याचा चेहरा उतरला.

"ह्यांना?" ती खुदकन हसली. "मंग नाव घे! नायतर बोंबील नाय देत."

कानापर्यंत लाल होत त्यानं नाव घेतलं. मी ऐकलं, पण इथं लिहिणार नाही. ते घ्यायचा मान त्याचा.