सुतकातलं जर्मनचं पातेलं

सासरे गेले तेव्हा मला त्या घरात येऊन सहाच महिने झाले होते. दहाव्या दिवशी सुतक फिटायचं होतं. आमच्याकडे त्या दिवशी घर सारवतात, चुलीजवळची मडकी गावाबाहेर नेऊन टाकतात आणि तांब्या-पितळेची भांडी राखेनं घासून परत घरात घेतात. मातीचा विटाळ जात नाही, धातूचा जातो. इतकी साधी गोष्ट, पण ती माझ्या एका पातेल्यापाशी येऊन अडली.

ते पातेलं जर्मनचं होतं. आता त्याला ॲल्युमिनियम म्हणतात. आईनं माझ्या लग्नासाठी परळीच्या जत्रेत हैदराबादच्या व्यापाऱ्याकडून घेतलं, आणि लग्नानंतर दोन महिन्यांत ती गेली. तिची म्हणून माझ्याजवळ तेवढीच वस्तू होती. मी मुळातच तापट. हे टाका म्हणाले तर पातेलं उचलायचं आणि सरळ माहेरची वाट धरायची, असं मी ठरवूनच बसले होते.

सकाळी भांडी घासायला घेतली. घागर लखलखली, परात उजळली. जर्मनचं पातेलं मात्र राख लावताच काळं पडलं. जितकं घासावं तितकं आणखी काळं. चुलत जाऊ डोकावून म्हणाली, "अगं बया, ह्याचा इटाळ जाईना की!"

पातेलं ओसरीवर पुरुषांपुढे गेलं. मी दाराआड उभी राहिले. समाचाराला आलेल्या कासारानं ते हातात तोललं. "तांबं-पितळ येवढं हलकं असतंय व्हय? ह्याला हातोडीचा ठोका लागलेला न्हाई. मला तर हे वळखूच येईना."

भटजींनी बोटांवर धातू मोजले. सात झाले, पुन्हा मोजले, पुन्हा सातच. "ह्यात याचं नाव नाही," ते म्हणाले.

"मग टाकायचं का ठिवायचं?" आमच्या मालकांनी विचारलं.

"नाव नाही, एवढंच मी सांगतो."

हे काय उत्तर झालं? मी आतल्या आत जळफळत होते.

तेवढ्यात शाळेचे मौलवीसाहेब आले. शिकलेला माणूस, म्हणून माझ्या जिवात जीव आला. त्यांनी पातेलं उलटंसुलटं करून पाहिलं. "धातूच हाय. सोनं जसं मूळचं, तांबं जसं मूळचं, तसंच हे. आमच्या किताबात अशा मूळ वस्तूला उन्सुर म्हणतात." इथं थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण त्यांना हुरूप आला. "आणि मजा बघा, हे मातीतून काढतात! आपल्या पायाखाली लई भरलंय. निस्तं वेगळं काढायला विजेची ताकद लागती."

कासारानं पातेलं परत आपल्या हातात घेतलं.

"म्हंजे मातीच की ओ," कासार म्हणाला.

"तसं न्हाई. लोखंडबी मातीतून येतं, तांबं दगडातून."

"मग आता घागरबी टाकायची का?" मालकांनी घाबरून विचारलं. भटजी पुन्हा बोटं मोजू लागले. माझंही डोकं चालेनासं झालं. घटकेत ते पातेलं धातूचं वाटे, घटकेत मातीचं. सगळंच मातीतून येत असेल, तर सकाळी गाडीत भरून नेलेल्या मडक्यांनी काय पाप केलं होतं?

सासूबाई इतका वेळ आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. दहा दिवसांत त्या धड बोलल्याही नव्हत्या. त्या उठल्या, मला बाजूला सारून थेट ओसरीवर पुरुषांत गेल्या आणि कासाराच्या हातातून पातेलं काढून घेतलं.

"सकाळपासनं येका पातेल्याचा इचार चाललाय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी माझ्या बांगड्या फोडल्या. ठिवायच्या का फोडायच्या, इचारलं का कुनी?"

भटजींची बोटं थांबली.

सासूबाईंनी आत येऊन पातेलं माझ्या हातात दिलं. "ह्यात कण्या शिजू घाल, पोरी."

मी ते घेतलं. पातेल्याच्या काळजीत मी दहा दिवस रडले होते आणि लोकांना वाटत होतं, सून सासऱ्यासाठी रडतेय. तेच दहा दिवस सासूबाईंचं ताट मीच वाढत होते. त्यांच्या उघड्या मनगटांकडे मी पाहिलं ते तेव्हा, पहिल्यांदा.