एक जूनचे जुळे

मंडळी, आज वडीगोद्रीत कम्प्युटरनं एक जिवंत माणूस रद्द केलेला पाहिला.

सरकारी रस्त्याच्या कामावर घेण्याआधी माणूस पात्र आहे का, हे आता कम्प्युटर तपासतो. आमच्या शेजारचे आसरुबा आणि भानुदास सख्खे भाऊ. शाळेत घालताना गुरुजींनी रिवाजाप्रमाणे दोघांचाही जन्म एक जूनचा लिहिला, आणि घाईत सालही एकच. बापाचं नाव, आडनाव, तारीख सगळं एकच, त्यामुळं कम्प्युटरच्या मते एकच माणूस दोनदा काम मागत होता. भानुदासचं नाव कटलं.

"साहेब, मी समोर उभा हाय ना!"

"मला दिसून राह्यला. याला न्हाई," ऑपरेटर स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाला. "जुळे असाल तरच घेतं हे."

सोबत आलेली आई उसळली. "जुळे कशाचे? मधी दोन पोरी झाल्या मला!"

"मंग एकच पोरगं कामाला जाईल, मावशी."

म्हातारीनं पदर खोचला. "लिही जुळे. जल्दी कर, काम सुरू झालं तिकडं."

कम्प्युटरनं बिलकुल कुरकुर केली नाही. ऑपरेटरच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरही जन्मतारीख एक जूनच होती.

दर एक जूनला इथं निम्म्या ग्रुपला शुभेच्छा देऊन माझी बोटं दुखतात. तुमच्यातला खरा एक जूनचा कोण? आईला विचारून सांगा. खरी तारीख सांगा, कामाची नको.