पेपरावर आमच्या कॉलेजचं नाव

तुरीच्या मर रोगावरचा आमचा पेपर छापून आला आणि माझं टाळकंच सटकलं. माझ्या नावाखाली मी शिकवते त्या कॉलेजचा पत्ताच नाही! तिथे सरांच्या नागपूरच्या संस्थेचं नाव. सर म्हणजे माझे पीएचडीचे गाईड, पेपराचे सहलेखक. रोपं बाभुळगावकडच्या शेतांतली, बुरशी वाढवली आमच्या प्रयोगशाळेत, अन् नाव त्यांचं. वा रे वा!

एरवी मी दोन शिव्या हासडून गप्प बसले असते. पण आमच्या विभागाला संशोधन केंद्राची मान्यता द्यायची का, हे ठरवायला पुढच्या महिन्यात समिती येणार होती. कॉलेजच्या नावावरचा एक तरी पेपर दाखवायचा होता, आणि आमच्याकडे हा एकच. केंद्र झालं तरच माझ्या विद्यार्थिनीला इथून पीएचडी करता येणार होती. दिग्रसजवळच्या तांड्यावरची पोरगी ती. या पेपरासाठी सगळी शेतं तिनंच पालथी घातली होती. तिची याडी, म्हणजे आई, अंथरुणाला खिळलेली. तिला सोडून नागपूरला जाणं शक्यच नव्हतं.

मी सरांना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. "मेहनत आमची अन् नाव तुमचं? हे बरं हाय!"

"काहून भडकून राह्यली? मी काही बदललं नाही बाई. तू धाडलेली फाईल उघडून पाह्य ना."

विद्यार्थिनी शेजारीच बसली होती. तिनं फाईल उघडली. पहिल्याच पानावर माझ्या नावाखाली सरांची संस्था, मीच टाइप केलेली. तिच्या नावाखालीही तीच. आमच्याकडे सर्रास चालतं हे. शिकलो त्या मोठ्या संस्थेचं नाव लावायचं, म्हणजे पेपर परत येत नाही. मीही लावलं होतं, आणि सोयीस्कर विसरले होते.

"मॅडम, आपल्या कॉलेजची लाज वाटत होती का तुमाले?"

"हो." खोटं बोलायला जीभच वळेना.

"मले नोती वाटत," ती म्हणाली.

त्याच दिवशी संपादकांना लिहिलं, चूक माझी आहे, दुरुस्ती छापा. सगळ्या लेखकांची संमती लागत होती. माझं इतकं ऐकून घेऊनही सरांनी तासाभरात धाडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग महिनाभर जिवाला घोर. दुरुस्ती आली तेव्हा समितीची गाडी कॉलेजच्या फाटकात शिरत होती.

अध्यक्षांनी छापील कागद वाचून चष्मा वर केला. "लेखिकेच्या चुकीमुळे, असं लिहिलंय. इथे लेखिका दोन आहेत. कोणाची चूक?"

प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले. विद्यार्थिनी खाली बघत होती.

"माझी," मी म्हणाले. "हिची काही चूक नाही. हिला इथंच शिकायचंय."

अध्यक्षांनी मान्यतेच्या कागदावर सही केली आणि तिला नाव विचारलं. तिनं पूर्ण नाव सांगितलं, आणि कोणी न विचारताच त्यापुढे आमच्या कॉलेजचंही. मला मान वर करवेना.