‘आमच्या घरात’ हे दोन शब्द

मालकानं शिव्या मोठ्यानं वाचून दाखवल्या. मलाच. हसत, मधे मधे चहा पीत. माझ्या व्हिडिओखाली लोकांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठी शिव्या. अडखळत वाचायचा आणि नीट लागली की पुन्हा म्हणायचा. “ह्यांस्नी काय ठावं रश्श्यातलं?” ही त्यातली सगळ्यात सभ्य. बाकीच्या जातीवर होत्या, आईवर होत्या.

त्याचं कोल्हापुरात, शाहूपुरीत लग्नाच्या शूटिंगचं दुकान. मी गारगोटीची, त्याच्या दुकानात मिक्सिंगला, म्हणजे शूटिंग कापून जोडायला बसायचे. गिऱ्हाइकाला नुसतं नाव सांगायचं, आडनाव नाही, ही त्याचीच ताकीद. ऑर्डर जाते म्हणायचा. आम्ही बौद्ध, आणि आमचं आडनाव ऐकलं की लोकांना कळतं. मी नुसतं नाव सांगायचे. पोटाचा प्रश्न होता.

दोन हजार आठच्या आसपास त्याला नेटवर व्हिडिओ चढवायचं वेड लागलं. कोल्हापूरच्या जेवणावर बोल म्हणाला. बोलले. “आमच्या घरात पांढरा रस्सा न्हवताच. आई तांबडाच करायची.” खरं तेच होतं. मटणच कधीतरी शिजायचं, त्यात पांढरा कुठला?

मी जेवायला गेले तेवढ्यात त्यानं ‘आमच्या घरात’ कापलं. उरलं, ‘पांढरा रस्सा न्हवताच.’ वर मथळा दिला, पांढरा रस्सा कोल्हापूरचा नव्हेच. खाली माझं नाव, आडनावासकट, ठळक. ऑर्डरीला नडणारं आडनाव शिव्या खायला बरं चाललं.

मी विचारलं तर म्हणाला, “शिव्या पडल्या की लोक बघत्यात. फुकटची जाहिरात हाय की.”

दुकानातली माणसं मला टाळायला लागली. आईला फोन केला, पण तिला नेट म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं असतं. जेवलीस का, तिनं विचारलं. जेवले म्हणाले. फोन ठेवला आणि खोलीत एकटीच रडले. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी मालकानं माझ्यासमोर कॅमेरा लावला. आता माफीचा व्हिडिओ करायचा होता. जरा रड म्हणाला, माफी बघायला जास्त लोक येतात. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी कॅमेऱ्यात बघून सांगितलं, “माझं वाक्य मालकानं तोडलंय.”

तो चिडला नाही.

“बोल की. नको ते कापता येतंय.”

मग कळलं. इथं मी खरं बोलले तरी ते त्याच्याच कामाला येणार. मी उठले.

“माफी मागणार न्हाई,” म्हणाले आणि पायऱ्या उतरले. कुणी अडवलं नाही, कुणी सोबतही आलं नाही.

तो व्हिडिओ अजून नेटवर आहे. काढ म्हणून मी त्याच्या पाया पडले नाही, पडणारही नाही. त्यानंतर जिथं काम मागितलं तिथं आडनाव आधी सांगितलं. काही दारं तोंडावर लागली. लागू देत. ते आडनाव मी पुन्हा गिळणार नाही, आणि कुणाला विकूही देणार नाही.