कॅनभर पाणी

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, माढ्याहून एसटीनं सोलापूरला आले ते थेट माझ्या प्रयोगशाळेत. हातात पाच लिटरचा रिकामा कॅन. "भरून दे की बाळ," म्हणाले. "मावशीला लावाया."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशीच्या कमरेवर जखम होती. तिचा तुकडा तपासून डॉक्टरांनी कातडीचा कॅन्सर सांगितला होता, ऑपरेशनची तारीखही दिली होती. ती काकांनी परस्पर पुढं ढकलली. का, तर पेपरात आमच्या कामाची बातमी आली: पाण्यानं कॅन्सर बरा होणार! उचलली जीभ, लावली टाळ्याला. आम्ही विजेच्या जोरावर वायूची जांभळट ज्योत तयार करतो. बोट लावलं तरी भाजत नाही, म्हणून तिला थंड प्लाझ्मा म्हणतात. ती पाण्यावर सोडली की त्यात काही जहाल द्रव्यं तयार होतात, आणि त्या पाण्यानं बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी मरतात. बशीतल्या! मावशी काय बशीत राहते? दिवसभर खपून आमचं वाटीभर पाणी होतं, आणि हे कॅन घेऊन उभे.

"काका, हे औषध नाही. कॅन्सर अजून पसरलेला नाही, आत्ता कापलं तर सुटेल ती."

"घरात इलाज असताना कापायचं कशाला? परक्याला देशील, सख्ख्या मावशीला न्हाय?"

कॅन तसाच परत पाठवला आणि रविवारी भांडायचंच ठरवून माढ्याला गेले. मावशीनं मला आतल्या खोलीत नेलं, दाराला कडी घातली आणि परकराची नाडी सोडली. बरोबर नाडीखाली, वळ पडून पडून काळ्या झालेल्या कातडीवर ती जखम. रानात वाकताना नेसणं सुटू नये म्हणून जन्मभर करकचून बांधलेली नाडी, अजूनही तिथंच.

"पाणीच दे गं," ती म्हणाली. "परत त्या डॉक्टरांपुडं उगडं व्हायला नको."

मला तिचाही राग आला. पण तिच्यावर ओरडवेना. "पाणी देणार नाही," मी म्हटलं. "बाई डॉक्टर शोधते. मी येते बरोबर."

बाई डॉक्टर मिळाल्यावर दोघांना घेऊन सोलापूरच्या दवाखान्यात गेले; पाणी मिळत नाही म्हटल्यावर काकाही कुरकुरत आले. डॉक्टरीणबाईंनी मावशीला विचारलं, कधीपासून आहे? उत्तर काकांनी दिलं, "झालं असतील दोन-तीन म्हैनं."

"धाकट्याच्या लग्नापासनं," मावशी म्हणाली.

तिच्या त्या धाकट्या मुलाची मुलगी आता शाळेत जाते.

"मला कसं म्हाईत न्हाय?" काकांचा आवाज चढला.

"पेपरातलं पाणी तेवढं बरं दिसलं तुमाला," मावशी म्हणाली. इतक्या वर्षांत त्यांना उलटून बोललेली मी तिला पहिल्यांदाच ऐकत होते. मग खुर्ची पुढं ओढून तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "कवा कापताय?"