गाडी विचारून वार देणाऱ्या डॉक्टर

डॉ. शुभदाताईंची आणि आमची ओळख झाली ती आमच्या घरातल्या भांडणामुळे. माझ्या पत्नीला, सुमतीला, आमवात. सकाळी बोटं अशी आखडत की कपाचा कान धरवत नसे. शाळेत पाठ केलेल्या कविता अजून माझ्या जिभेवर आहेत. त्यांत हातांना सदा कमळाची उपमा. त्या सुजलेल्या बोटांना कुठली द्यावी, मला सुचेना.

उपचारांसाठी दर खेपेला आम्ही आमच्या नाटे गावाहून मुंबई गाठायचो. औषधाइतकाच प्रवास महाग, मुलाची रजा जायची ती वेगळीच. शेवटी सुमतीने गोळ्याच बंद केल्या. "माझ्या बोटांपायी आंब्याची कलमं विकायची नाहीत. वाकली तर वाकली!"

तिला मी जवळजवळ ओढतच रत्नागिरीला ताईंच्या दवाखान्यात नेलं. ताईंनी आधी विचारलं, "काकू, कुठली गाडी धरलीत?"

"सकाळची. उभ्यानं आल्ये."

"मग तुमचा वार बुधवार. तुमच्या बाजूची सगळी मंडळी बुधवारी येतात. चौघांत एक गाडी करा, बसून या. रक्त इथेच घेऊ, दुपारी मोकळं करू."

"आणि ते मुंबईत सांगितलेलं महागडं इंजेक्शन?"

"आधी जुनी, स्वस्त गोळी. आठवड्यातून एकदाच, पण न चुकता. तिनं भागलं नाही तर इंजेक्शनचं तेव्हा स्पष्ट सांगेन. पण काकू, औषध बंद करून वाचतं काय? बोटं एकदा वाकली की कलमं विकूनही सरळ होत नाहीत."

बुधवारच्या गाडीत आमच्या बाजूचं कोण कोण येतं, ते सुमतीने तिथेच विचारून घेतलं.

ताई गोड बोलतात, पण भिडस्त नाहीत. जरा बरं वाटलं की औषध सोडायचं, ही आपली जुनी खोड. आमच्याकडचे एक बागायतदार आंब्याच्या दिवसांत तपासणीला येईनात. "पेट्या भरून झाल्या की बघू," म्हणाले. ताई स्वतः त्यांच्या बागेत गेल्या, पेट्यांशेजारी बसवून रक्त घेतलं आणि वर सुनावलं, "कलमांची फवारणी चुकवता का हो कधी?" त्या गृहस्थांनी त्यानंतर एकही बुधवार चुकवला नाही.

सुमतीचं गोळीवर भागलं. बोटं सरळ आहेत. आजार गेलेला नाही आणि जाणारही नाही, हे ताईंनीच आम्हांला पहिल्यापासून स्वच्छ सांगितलं, म्हणून तर त्यांच्यावर भरवसा बसला.

ताईंच्या साठीनिमित्त हा लेख लिहायला बसलो, तेव्हा चार अलंकारिक ओळी जुळवत होतो. नारळ खवता खवता सुमती म्हणाली, "ते राहू द्या. लिहा, की ताई, हा आजार मला जन्मभर सोडायचा नाही, तेव्हा तुम्हीही मध्येच सोडायचं नाही. शंभरी गाठा, धडधाकट राहा. आणि जिना उतरताना हल्ली कठडा धरता, ते दिसतं हो आम्हांला. स्वतःच्या गुडघ्यांनाही एक वार द्या!"