दाराला लावलेला दगड

केर काढताना सुमनमावशींचा धक्का लागून दाराला लावलेला दगड पायरीवरून पडला आणि दुभंगला. त्या म्हणाल्या, "ताई, याला रॉकेलचा वास येतोय."

बाबा भूवैज्ञानिक. गुजरातेतल्या एका ओसाड माळाखाली तेल आहे, असं सांगणारे ते पहिले. तिथल्या पहिल्या विहिरीतून निघालेला हा तुकडा. दगड फोडून ते आधी हुंगायचे. मग माझ्या नाकापुढे धरायचे, "येतोय वास?" मी तोंड फिरवायचे.

ते गेल्यावर मला त्यांचं दगडांचं कपाट रिकामं हवं होतं. दगड दाराशी गेला. लाखो वर्षं जमिनीने जपलेला वास मी पायाशी ठेवला.

"टाकून देऊ?" मावशींनी विचारलं.

मी तुकडा नाकाशी धरला. वास येत होता. बाबांना माझ्याकडून एवढंच तर ऐकायचं होतं.